सगुणाबाईचे तीन ठिपके

आष्टीच्या सगुणाबाई परटिणीकडून धुऊन आलेल्या कपड्यावर खूण नसते. परतुरापर्यंतच्या कुठल्याही परटाला हे सांगा, तो आधी हसेल आणि मग म्हणेल, "मंग वळखती कशी? सपनात येऊन सांगतेत का कपडे?"

ओळखते खरी. सत्तरी जवळ आली, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, तरी गावभरची धुणी एका ढिगात पडलेली असताना ती मांडी घालून बसते आणि पत्ते वाटावेत तसे कपडे वाटत जाते. "ह्ये रामराव पाटलाचं धोतर, बिडीनं जाळल्यालं. ही कडूबा मास्तरची बंडी. मास्तर डाव्या अंगानंच घामेजतंय, कामून ते त्यालाच ठाऊक. ही रखमाजीची विजार, नाडीला गाठीवर गाठी. मानूसबी तसाच, एक गोष्ट सरळ सुटंल तर शप्पथ." कपडा हातात आला की त्यातला माणूसही हातात येतो, त्याची मान, त्याचा खोकला, सगळं. ऐकणाऱ्या बाया पदर तोंडात कोंबून हसतात.

पण हसता हसता कोणी विचारलं, "सगुणे, मंग खूण कामून करत न्हाईस गं?" की तिला ऐकू येत नाही. तिचे कान चांगले शाबूत आहेत, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

एके काळी तिच्याइतकी सुबक खूण आष्टीत कोणाचीच नव्हती. बाजारात वैदिणीकडून ती बिब्बे आणायची, निवडून निवडून, तेलानं टच्च भरलेले. बिब्ब्यात दाभण खुपसलं की टोकावर काळं तेल यायचं. त्या टोकानं कपड्याच्या काठाला ठिपका द्यायचा, वरून ओला चुना दाबायचा, दोन दिवस उन्हात टाकायचा आणि मग भट्टीच्या वाफेतून काढायचा. कपडा फाटेल, ठिपका जाणार नाही. घराघराची खूण वेगळी. पाटलाच्या घरची दोन ठिपके आणि रेघ, मास्तराची फुली, आणि मूलचंद शेटजींच्या घरचे तीन ठिपके, चुलीचे तीन दगड मांडावेत तसे.

बिब्बा अंगाला लागला की उततो, फोड येतात, माणूस खाजवून खाजवून वेडा होतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. भिवा धनगर एकदा बिब्ब्याच्या झाडाखाली झोपला, तर आठ दिवस त्याचं सुजलेलं तोंड त्याच्या कुत्र्यानंसुद्धा ओळखलं नाही. पण सगुणाबाईच्या सासूनं तिला दाभण हातात देतानाच सांगितलं होतं, "परटाला बिब्बा उतत न्हाई. आन् परटाच्या खुणेचा तर कोणालाच उतत न्हाई. आपल्या हाताला देवाचा कौल हाय." सासू गेली, नवरा गेला, सगुणाबाईची बोटं काळी पडली, पण उतला कधीच नाही. तिनं तो कौल खरा मानला होता.

मूलचंद शेटजींचं घर म्हणजे मारवाडी गल्लीतलं पहिलं. शेटजी दिवसभर दुकानात, घरात राज्य सेठाणीचं, लाडबाईचं. ह्यांचे पणजोबा नागौरकडून आलेले, तरी लाडबाईच्या जिभेवर मराठी पाहुणीसारखी अवघडून बसायची. "सगुणा, कपडा बराबर धूव. परवाचा चादर पिवळा निघाला. म्हारे घरी पिवळा चादर चालत न्हाई, सांगून राह्यली मी!" सगुणाबाई मान हलवायची, आणि ओढ्यावर गेली की हेच सगळं कमरेवर हात ठेवून, नाक वर करून जसंच्या तसं म्हणून दाखवायची. धुणं थांबायचं, हसणं थांबायचं नाही.

त्या घरात ब्याऐंशी साली धाकटी सून आली, राजकुमारी. गोपीकिशनची बायको. नागौरजवळच्या खेड्यातली, एकोणीस वर्षांची, मराठीचा एक शब्द येत नव्हता. सासू दिवसभर पूजेत, थोरली जाऊ पुष्पाबाई मुकी नव्हती पण बोलायची मुक्याइतकंच. मग ही पोर कपडे मोजून द्यायच्या निमित्तानं सगुणाबाईजवळ ओसरीवर बसायची आणि एकेक वस्तू दाखवून विचारायची, "इसको क्या कहते?" सगुणाबाई सांगायची. वर्षभरात राजकुमारी मराठी बोलायला लागली, पण ती सगुणाबाईची मराठी. एकदा पाहुण्यांसमोर सासूनं सुनेला हाक मारून विचारलं, "बिनणी, काय करते?" आणि आतून ठणठणीत आवाज आला, "भाकऱ्या थापून राह्यले, आत्ता आल्ये बगा!" लाडबाईनं कपाळावर हात मारला. "म्हारी बिनणीला परटीण केली हिनं!" पण तीही हसत होती.

राजकुमारी तिला मावशी म्हणायची. सगुणाबाईला मूलबाळ नव्हतं. बहिणीलाही नव्हतं, त्यामुळे तिला मावशी म्हणणारं जगात दुसरं कोणी नव्हतं.

चौऱ्याऐंशी साली राजकुमारीला मुलगा झाला, बद्रीनाथ. त्याची दुपटीसुद्धा सगुणाबाईनं कधी भट्टीत घातली नाहीत. वेगळ्या पाण्यात, रिठ्यानं. पुष्पाबाईला लग्नाला नऊ वर्षं होऊन काही नव्हतं. ती बद्रीला लांबून बघायची, आणि कोणी बघितलं की तांदूळ निवडायला लागायची.

शहाऐंशीच्या जेठात राजकुमारीला ताप भरला. डॉक्टर म्हणाले टायफाईड. लाडबाई म्हणाली मोतीझरा. दोन्ही एकच, पण मोतीझऱ्याचे नेम वेगळे. घरात मोठ्यानं बोलायचं नाही, फोडणी द्यायची नाही, रोग्याच्या अंगावर मोत्यासारखे बारीक दाणे उठतात ते सगळे निघून जाईपर्यंत त्याला कोणी शिवायचं नाही. दीड वर्षाचा बद्री आईच्या अंगावरून तोडून पुष्पाबाईकडे दिला. तीन आठवडे तो दाराच्या उंबऱ्यावर बसून रडायचा. मग रडायचा थांबला.

ताप उतरला. राजकुमारी काडी झाली होती, पण उतरला. लाडबाईनं तिला पाणी घालायचा, तापानंतरच्या पहिल्या आंघोळीचा दिवस ठरवला. तापातले सगळे कपडे वाटून टाकले आणि नवे सहा जोड शिवून आणवले, सहा पोलकी, सहा परकर, वर साड्या. गठडं सगुणाबाईच्या पुढ्यात टाकलं. "खूण कर. आणि बाकीच्या कपड्यात मिळवू नको. म्हारी बिनणी मरणाच्या दारातून आली."

सगुणाबाई त्यातलं एक पोलकं हातात घेऊन बसली. एका लग्नात भोकरदनला कोणा पाहुणीनं राजकुमारीच्या पदराचा काठ उचलून म्हटलं होतं, "हे काय, परटानं टिळा लावला वाटतं?" पोर चार दिवस ते सांगत होती, हसत सांगत होती, पण चार दिवस सांगत होती. सगुणाबाईनं ठरवलं, ह्या नव्या जोडांवर बाहेरून काही दिसता कामा नये. पोलक्याच्या गळ्याला मागून आतल्या अंगानं जी पट्टी असते, तिथं ठिपके दिले. परकराच्या नेफ्याला, तेही आतून. वरचा चुना वाळला की खरखरतो, नाजूक अंगाला टोचेल, म्हणून चुना लावला नाही. नवा रंग उतरेल म्हणून भट्टीत घातले नाहीत. आणि पाणी घालायचा दिवस दुसऱ्या दिवशीच होता, म्हणून ऊनही पुरतं दाखवलं नाही. शिवाय बिब्बा म्हणजे दृष्टीचा वैरी. मानेशी एक, कमरेशी एक, पोरीला कोणाची नजर लागायची नाही.

तीन-तीन ठिपके, बारा कपड्यांवर. इतक्या मायेनं तिनं जन्मात खूण केली नव्हती.

तिसऱ्या दिवशी राजकुमारीची मान लाल झाली. चौथ्या दिवशी कंबर. मग पुरळ पाठीवर उतरलं, पोटावर गेलं, बारीक पाण्याच्या फोडांचं, आणि खाज अशी की रात्रंदिवस तिची नखं थांबेनात. लाडबाईनं पाहिलं आणि मागच्या मागं सरली. "मोती! अजून मोती निघून राह्यले. ताप आतमध्ये राहिला!" बद्रीला आणायचा मुहूर्त पुढं गेला.

मग कारण शोधणं सुरू झालं. डॉक्टर म्हणाले कॅप्सूलची ॲलर्जी असेल, त्या बंद केल्या. पुरळ गेलं नाही. तुरीची डाळ बंद झाली, मग दूध, मग साबण, मग उशीतला कापूस बदलला. जी ती बाई येऊन नवं कारण सांगायची. "विहिरीचं पानी बाधलं असंल." "वांगं खाल्लं असंल." "न्हाई बाई, तापात उंबऱ्यावर लेकरू रडलं नव्हं, त्याचंच." शेवटचं ऐकून राजकुमारीनं भिंतीकडे तोंड केलं.

सगुणाबाई रोज कपडे न्यायची, रोज आणायची. धुतलेलं, घडी घातलेलं पोलकं स्वतःच्या हातानं तिच्या उशाशी ठेवायची. "घाल माय, सोच्छ हाय. कापडानं तरी सुख वाटंल."

शेवटी गोपीकिशननं तिला जालन्याला नेलं, कातडीच्या डॉक्टरकडे. चार दिवस दवाखान्यात ठेवलं, तिथलेच कपडे, तिथलंच अंथरूण. मलम लावलं. चार दिवसांत पुरळ सुकलं. आखाडातल्या एका दुपारी ती परत आली, तेव्हा सगळ्यांना वाटलं, सुटलो. बद्रीला उद्या सकाळी तिच्या मांडीवर द्यायचं ठरलं. तिनं आंघोळ केली आणि उशाशी ठेवलेलं पोलकं घातलं.

सकाळी सगुणाबाई कपडे न्यायला आली तेव्हा घर गप्प होतं. राजकुमारी खोलीत पाठमोरी बसली होती. बद्रीला कोणी आणलं नव्हतं.

"मावशी, बघ गं. परत आलं का? आई म्हनत्यात आलं. मला दिसत न्हाई." तिनं मान खाली घालून केस बाजूला केले.

मान स्वच्छ होती. जुनं पुरळ सुकून गेलं होतं, कातडी नवी आली होती. आणि त्या नव्या कातडीवर, गळ्याच्या पट्टीखाली, तीन ताजे फोड होते. वर एक, खाली दोन. चुलीचे दगड मांडावेत तसे.

सगुणाबाईला आपलं अक्षर दिसावं तशी आपली खूण दिसली.

"आलंय का?" राजकुमारीनं विचारलं.

"व्हय, माय," ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

त्या दिवशी ओढ्यावर तिनं कोणाची नक्कल केली नाही. संध्याकाळी आपल्या जावेला, गोजरबाईला, तिनं दाराआड नेऊन सांगितलं. गोजरबाईनं ऐकून आधी स्वतःचे हात लुगड्याला पुसले. "सगुणे, तोंडाला कुलूप लाव. शेटजीचं घर गेलं की सारी मारवाडी गल्ली जाईल. मंग पाटील म्हनंल आमच्याबी पोरीला खाजून राह्यलंय. कोणाला पुरी पडशील? खुणा काढून टाक, पोरगी बरी व्हईल. झालं! देवाला ठाऊक, तुला ठाऊक."

सगुणाबाईला धुणं हातचं जाण्याची भीती होतीच. पण खरी भीती वेगळी होती. "मावशी, तू?" असं जर राजकुमारी म्हणाली तर? त्या दोन शब्दांपुढं तिला उभं राहता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तिनं लाडबाईला म्हटलं, "सेठाणीबाई, रोग्याचे कपडे एकडाव भट्टीतून काढून आनते." सगळे जोड नेले. पट्टीचा तेवढा तुकडा कापून तसलाच दुसरा शिवला, नेफ्याचंही तसंच. टाका इतका बारीक की शिंप्यालाही कळू नये. कापलेले तुकडे चुलीत घातले आणि धूर डोळ्यांत जाऊ नये म्हणून बाहेर येऊन बसली. आता बरी होईल. आठ-पंधरा दिवस. लेकरू मांडीवर येईल. कोणाचंच काही बिघडलं नाही.

पण कपडे परत घेऊन गेली तेव्हा ओसरीवर पेटी भरणं चाललं होतं. लाडबाईनं मधल्या दिवसांत घराण्याच्या गुरूंना, महाराजांना विचारलं होतं. महाराजांनी सांगितलं, ह्या सुनेला ह्या घरचं अन्नपाणी सध्या सोसत नाही. दवाखान्यात बरी झाली, घरी येताच उठलं, अजून काय पुरावा पाहिजे? माहेरी पाठवा. लेकरू इथंच राहू द्या, त्याच्या अंगावर यायला नको.

सगुणाबाईच्या हातातले जोड तसेच पेटीत गेले.

जीप दाराशी लागली, परतूर स्टेशनला जायला. पुष्पाबाई बद्रीला कडेवर घेऊन पायरीवर उभी होती. राजकुमारी चार हात लांब थांबली. बद्रीनं तिच्याकडे बघून दोन्ही हात पुढं केले. त्यानं ओळखून केले की जीप बघून केले, कळायला मार्ग नव्हता. राजकुमारीनं आपले हात पाठीमागं नेले आणि एकात एक घट्ट अडकवले. तिच्या पाठीशी उभ्या असलेल्या सगुणाबाईला ती बोटं दिसत होती. पांढरीफटक पडली होती.

बोल, सगुणे. आता बोल. पण मनात तिनं म्हटलं, पंधरा दिवसांत अंग निवळंल आन् येईल माघारी.

अंग निवळलं. पंचमी झाली आणि नागौरहून पत्र आलं, एक फोड राहिला नाही. लाडबाईनं ते गल्लीभर वाचून दाखवलं. "देखा? म्हारे महाराज बोलले तेच. माहेरी गेली, बराबर झाली. ह्या घरचंच तिला सोसत न्हाई!"

सगुणाबाई कपडे मोजत होती. तिचं मोजणं चुकलं. तिनं गुपचूप काढलेल्या खुणेनं महाराजांचं बोलणं खरं करून दाखवलं होतं. पोर खाजवत राहिली असती तर निदान कोणी अजून कारण शोधलं असतं. आता शोधायला काही उरलंच नव्हतं.

राखी गेली, पोळा गेला. गोपीकिशन म्हणायचा, "माँ, आणू का तिला?" लाडबाई म्हणायची, "एक साल जाऊ दे. परत झालं तर? लेकराला लागलं तर?" तीही दुष्ट नव्हती. संध्याकाळी देवापुढं बिनणीचं नाव घेऊनच दिवा लावायची.

बद्री बोलायला लागला. त्याचा पहिला शब्द सगुणाबाईनं ऐकला, कारण ती तेव्हा ओसरीवरच होती. पुष्पाबाई परसातून आली, आणि तो तुरुतुरु धावत जाऊन तिच्या पायांना बिलगला आणि म्हणाला, "माँ."

पुष्पाबाईनं पटकन इकडंतिकडं पाहिलं, चोरी पकडली गेल्यासारखं. मग खाली बसून तिनं त्याला छातीशी धरलं. इतकी वर्षं न बोललेली बाई त्याच्या कानात काहीतरी बोलत राहिली.

सगुणाबाईनं गठडं तिथंच टाकलं आणि घरी गेली. दिवाळीचे दिवस होते. चार दिवस तिनं काढले. पाचव्या दिवशी ती पदरात एक बिब्बा आणि दाभण बांधून लाडबाईपुढं जाऊन बसली.

"सेठाणीबाई, तुमच्या सुनेला घर बाधलं न्हाई. म्या बाधले."

तिनं सगळं सांगितलं. पट्टी, नेफा, न लावलेला चुना, दृष्ट. लाडबाईनं ऐकून घेतलं आणि मान झटकली. "झूट. तीस साल तू खूण करते. घरात कोणाला झालं न्हाई. तुझ्या हाताला तर काही न्हाई!"

"माजा हात मेल्याला हाय, बाई. आन् दुसऱ्यांना काठाला व्हती, चुना देऊन, भट्टीतून काढून. हिलाच उघडी, आन् अंगाला लागून."

लाडबाईनं बांगड्या वर सारून गोरापान, सुरकुतलेला हात पुढं केला. "म्हारे लाव."

"न्हाई, सेठाणीबाई..."

"लाव म्हणते!"

सगुणाबाईनं बिब्ब्यात दाभण खुपसलं. तीन ठिपके.

तिसऱ्या दिवशी लाडबाईनं बोलावणं पाठवलं. हात कोपरापर्यंत सुजला होता, मधोमध तीन फोड. सेठाणीच्या डोळ्यांत पाणी होतं, खाजेचं होतं की कशाचं, तिलाच माहीत. ओरडली नाही. "म्हारे हातानं पाठवलं तिला," एवढंच म्हणाली. "गोपीकिशन आज निघून राह्यला." आणि सगुणाबाई उठायला लागली तशी म्हणाली, "कपडा बंद करणार न्हाई. तू न सांगती तर काय करती मी?"

घर गेलं नाही. गल्ली गेली नाही. गोजरबाई म्हणाली, "बग, उगंच भ्यालीस."

मार्गेसरात राजकुमारी आली. अंगानं भरली होती, मान स्वच्छ होती. बद्रीला पुष्पाबाईनं स्वतः पुढं केलं, "जा, माँ आली तुझी." तो राजकुमारीकडे बघून पुष्पाबाईच्या घागऱ्याआड गेला. राजकुमारी हात पुढं करून बसली होती, आता ते हात मागं न्यायचं काही कारण नव्हतं. तो आला नाही. रात्री पुष्पाबाईशिवाय झोपेना. चार-सहा दिवस ओढाताण झाली, लेकरू रडून रडून तापलं, आणि मग राजकुमारीच पुष्पाबाईला म्हणाली, "राहू द्या जिजी. तुमच्यापाशीच राहू द्या. सवय होईल."

सगुणाबाई आठ दिवस तिच्यासमोर गेली नाही. नवव्या दिवशी राजकुमारीच कपडे द्यायला ओसरीवर आली. पूर्वीसारखी शेजारी बसली.

"आईंनी सगळं सांगितलं मला," ती म्हणाली. "म्या काही रागावले न्हाई. तू मुद्दाम थोडंच केलंस? दिसू नये म्हनून केलंस, माझ्यासाठी."

राजकुमारी एक पोलकं हातात घेऊन त्याची पट्टी उलटी करून बघत होती. तिथं तो बारीक टाका होता. तिनं त्यावरून बोट फिरवलं.

"ह्ये तू कधी केलंस?"

आता खोटं बोलता आलं असतं. दिवाळीत कळलं, म्हणता आलं असतं. टाका आखाडापासून पेटीतच होता, तरी काहीबाही सांगून रेटता आलं असतं.

"आखाडात," सगुणाबाई म्हणाली. "तू जालन्याहून आलीस, त्याच्या तिसऱ्या दिशी."

राजकुमारीचं बोट टाक्यावर थांबलं. परसातून बद्रीचा आवाज येत होता, "माँ, ए माँ," आणि पुष्पाबाईची ओ.

"आखाडात," राजकुमारी म्हणाली, "म्या हितंच व्हते की गं, मावशी."

पोलकं घडी घालून तिनं गठड्यावर ठेवलं आणि आत गेली.

मावशी म्हणाली ते शेवटचं. नंतर वर्षानुवर्षं ती बोलत राहिली, चांगलं बोलत राहिली. सणाला पुरणपोळी पाठवायची, सगुणाबाईचा डोळा दुखायला लागला तेव्हा गोपीकिशनला सांगून जालन्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी आणवली. पण "सगुणाबाई, एवढे कपडे झाले आहेत, मोजून घ्या." स्वच्छ, वहीतली मराठी. ओसरीवर शिकलेली ती दुसरी बोली तिच्या तोंडून परत कोणी ऐकली नाही.

सगुणाबाईनं उरलेले बिब्बे ओढ्याच्या काठी पुरले, दाभण गोजरबाईला देऊन टाकलं. पहिल्या वर्षी कपड्यांचे घोटाळे झाले. पाटलाचं धोतर मास्तराकडे गेलं, मास्तर ते नेसून शाळेत गेले आणि पाटलानं वर्गात जाऊन ओळखलं. मग हळूहळू बोटं शिकली. वास, गाठी, झिजलेली कोपरं, कोण कुठं खाजवतं, कोण कुठं टेकतं. प्रत्येक कपडा हातात आला की ती आता आधी उलटा करते आणि आतून हात फिरवते.

मूलचंद शेटजींच्या घरचे कपडे आता बद्री मोटारसायकलवरून न्यायला येतो. विशीतला, उंच, पुष्पाबाईचाच म्हणून वाढलेला, दारातूनच हाका मारत. "आजी, झाले का? माँच्या साड्या दे, बाबांचे सदरे दे, आणि काकूचं एक गठडं होतं."

सगुणाबाई पुष्पाबाईच्या साड्या एका बाजूला काढते. मग दुसऱ्या ढिगातून चाचपून चार साड्या, पोलक्यांसकट, वेगळ्या करते. खोबरेल तेलाचा वास, आणि पोलक्यांच्या पट्ट्या आतून पार मऊ झालेल्या. त्या ती सगळ्यात वर ठेवते.

"ह्या तुज्या आईच्या."

"काकूच्या म्हण की, आजी," बद्री हसतो. "किती वेळा सांगू? विसरतेस तू."

"आईच्या," सगुणाबाई म्हणते, आणि गठड्याची गाठ मारते.

दर आठवड्याला तो हसतो. दर आठवड्याला ती सांगते.